चारुदत्त खांबेटे यांना लागलेली युरोपची काळजी

कॅनडातल्या एडमंटनला राहून युरोपची काळजी करणारी माणसं तशी कमी. तिथल्या माणसाला स्वतःच्याच काळज्या पुरतात. सकाळी गाडी सुरू होईल का, ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल कोण करणार, घर तापवणारी फर्नेस मध्येच मान तर टाकणार नाही ना. पण चारुदत्त खांबेटे यांची फर्नेस नवीकोरी होती, गाडी गराजमध्ये उबेत उभी होती, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे शोव्हल करायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. घरची म्हणावी अशी एकही काळजी शिल्लक राहिली नव्हती. मग त्यांनी युरोपची घेतली.

खांबेटे मूळचे चिंचवडचे. तरुणपणी एडमंटनला आले, पंप बनवणाऱ्या कंपनीत लागले आणि पाणी, चिखल, तेल, सांडपाणी असं जे जे म्हणून खालून वर चढवता येतं ते सगळं चढवून रिटायर झाले. 'चारुदत्त' हे नाव ऑफिसात कुणाच्या जिभेला झेपेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांचा चार्ली झाला. माणूस गोरापान, डोळे घारे, नाक सरळ. हिवाळ्यात टोपी-मफलर चढवला की कुणी त्यांना इटालियन समजे, कुणी आयरिश. खांबेटेही तो गैरसमज दूर करण्याची फारशी घाई करत नसत.

गुडघ्याची गोष्ट अशी की त्यांचा मेहुणा जयदीप ओंटारिओतल्या ब्रॅम्पटनला राहतो. तिथे गणपतीच्या मिरवणुकीत, एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये, खांबेटे यांनी पुष्कळ वर्षांनी लेझीम हातात घेतली. पहिले चार ठेके छान झाले. पाचव्याला गुडघ्यातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. त्यानंतर ऑपरेशन, वॉकर, फिजिओथेरपी, आणि सोफा.

सोफ्यावर पडल्या पडल्या ते आयपॅडवर स्वित्झर्लंडच्या रेल्वेगाड्या बघू लागले. एकदा टूर कंपनीबरोबर ते युरोपला जाऊन आले होते. त्यात बराचसा युरोप बसच्या खिडकीतून बघितला होता आणि उरलेला वॉशरूमच्या रांगेतून, तरी तेव्हापासून युरोप हा त्यांचा हळवा कोपरा होता. बोगद्यातून निघणारी लाल गाडी, हिरवं कुरण, गळ्यात घंटा बांधलेली गाय. असे व्हिडिओ एकामागून एक आपोआप लागत. एके दुपारी खांबेटे यांचा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा समोर गाडीही नव्हती आणि गायही नव्हती. एक दाढीवाला माणूस दगडी किल्ल्यासमोर बसून खर्जात सांगत होता की युरोप संपला.

त्या माणसाचं नाव मॅग्नस आणि त्याच्या चॅनेलचं नाव 'लास्ट लँटर्न'. युरोपातल्या मूळच्या लोकांना हळूहळू बाजूला सारायचं आणि त्यांच्या जागी बाहेरून आणलेली माणसं बसवायची, असा एक गुप्त बेत चालला आहे, असं त्याचं म्हणणं. बेत कुणाचा, हे तो कधी नीट सांगत नसे. 'ते' म्हणायचा आणि भुवई उंच करायचा. पुराव्यादाखल एखाद्या भाजीबाजाराचं चित्र, एखादा बुरखा, एखादं बंद पडलेलं चर्च, आणि वर जाणारी एक लाल रेघ. मागचा किल्ला पडद्यावर छापलेला होता, कारण एकदा मांजर मागून गेलं तेव्हा बुरूज हलला होता. पण खांबेटे यांना वाटलं, गरीब माणूस आहे, साधनं कमी आहेत.

"सुहास, स्वीडन गेलं," त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं.

सुहासिनीबाई पोळ्या लाटत होत्या. "कुठे गेलं?"

"हातचं गेलं."

"आपल्या हातात कधी होतं?" असं म्हणून त्यांनी पोळी उलटली.

पण खांबेटे यांना चैन पडेना. ते व्हिडिओखाली कॉमेंट लिहू लागले. नाव घेतलं 'एडमंटन चार्ली'. इंग्रजी जुन्या वळणाचं, स्पेलिंग अचूक, आणि इंजिनियर असल्यामुळे प्रत्येक मुद्द्याला क्रमांक. त्या चॅनेलवर बहुतेक लोक शिव्या मोठ्या अक्षरांत लिहीत, त्यांच्यात चार्लीची कॉमेंट उठून दिसे. लोक त्याला मान देऊ लागले. थोड्याच दिवसांत मॅग्नसने चार्लीला मॉडरेटर केलं, म्हणजे कुणी फारच वाह्यात लिहिलं तर ते पुसण्याचा अधिकार दिला. रिटायर झाल्यापासून खांबेटे यांना कुणी कसलाच अधिकार दिला नव्हता. ते सकाळी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून पुसायला बसू लागले.

आपण स्वतः एका देशातून उठून दुसऱ्या देशात आलेलो आहोत, ही गोष्ट या सगळ्यात त्यांच्या मनात आलीच नाही असं नाही. ती येई, दारात उभी राही, आणि खांबेटे तिला म्हणत, आपलं वेगळं आहे. मग ती निमूट निघून जाई.

ती पुन्हा आत आणली रावसाहेब वाघमारे यांनी. रावसाहेब नांदेडचे, प्रांतिक सरकारच्या अकाउंट्समध्ये नोकरीला, आणि तिथल्या आंबेडकर असोसिएशनचे अनेक वर्षांचे सेक्रेटरी. हिवाळ्यात एडमंटनची बरीच माणसं चालायला मॉलमध्ये जातात. हे दोघेही शनिवारी सकाळी, दुकानांची शटर्स उघडायच्या आधी, आत फेऱ्या मारत. गुडघा नवा असल्यामुळे खांबेटे हळू चालत आणि भराभर बोलत.

सगळा गुप्त बेत ऐकून घेतल्यावर रावसाहेब म्हणाले, "खांबेटे साहेब, एक सांगा. हे करतंय कोण?"

"कोण म्हणजे, वरचे लोक."

"वरचे म्हणजे कुठले? मीटिंग कुठं होती त्यांची? मिनिट्स कोण लिहितं?"

"अहो, गुप्त आहे ते."

"असंना का गुप्त. हॉल तर लागतच असंल. मी इतकी वर्षं झाली जयंतीचा कार्यक्रम करतोय. सहाची वेळ दिली तर लोक साडेसातला येतात. माइकवाला येतो तर वायर घरी राहती. स्वागताचं भाषण कुणी करायचं यावरून मागच्या वर्षी भांडलेली दोन माणसं अजून बोलत नाहीत एकमेकांशी. अन् तुमचे हे लोक अख्खा खंड बदलायला निघालेत, एवढ्या देशांतनं, अन् कुणाचा रुसवा नाही, फुगवा नाही? मला त्यांच्या सेक्रेटरीला एकदा भेटायचंय बुवा."

खांबेटे यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "थट्टा सोडा. एका माणसाच्या जागी दुसरा माणूस येतो, हे तर खरं आहे."

"खरंय की. तुम्ही कुणाच्या जागी आलात?"

"मी?"

"कंपनीत. तुमच्या खुर्चीत आधी कोण होतं?"

"पीटर होता. तो रिटायर होणार होता."

"मग तुम्ही त्याला घालवलं?"

"छे हो. त्यानंच तर मला सगळं शिकवलं. इथल्या थंडीत पंप कसा गोठतो ते मला काय माहीत? त्याच्या फेअरवेलला मला रडू आलं होतं, सगळ्यांसमोर."

"बरं," रावसाहेब म्हणाले, आणि कॉफीचं दुकान उघडलेलं दिसलं म्हणून तिकडे वळले.

मुलगी अपूर्वा कॅलगरीला असते. ती वीकेंडला आली तेव्हा खांबेटे यांनी तिला ग्राफ दाखवला. मॅग्नसची लाल रेघ त्यांना फार कच्ची वाटली होती, म्हणून त्यांनी ती स्वतः एक्सेलमध्ये नीट काढली होती. दोन्ही अक्षांना नावं, खाली टीप, कोपऱ्यात तारीख. दोन-तीन वर्षांच्या आकड्यांवरून रेघ सरळ पुढे नेली होती, शतक संपेपर्यंत.

अपूर्वाने डोळे बारीक करून बघितलं. "बाबा, धिस गोज टू वन थर्टी पर्सेंट."

"काय?"

"एंड ऑफ द सेंच्युरी. स्वीडनमध्ये एकशेतीस टक्के लोक बाहेरचे असणार. हाऊ?"

खांबेटे यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघ शंभराची मर्यादा ओलांडून खुशाल वर गेली होती, पुराच्या पाण्यासारखी. आयुष्यभर त्यांनी ज्युनियर इंजिनियरांना बजावलं होतं की दोन बिंदूंवरून पुढच्या टाकीचा अंदाज बांधायचा नाही. शंभराच्या वर त्यांनी ग्राफ कापला आणि फाइल सेव्ह केली. पण त्या रात्री जेवताना त्यांनी युरोपचा विषय काढला नाही, आणि सुहासिनीबाईंनी मुलीला कढी आणखी वाढली.

मार्चमध्ये निमंत्रण आलं. अल्बर्टा प्रांतातले 'लास्ट लँटर्न'चे प्रेक्षक एकदा प्रत्यक्ष भेटणार होते. एडमंटनच्या दक्षिणेला, दीड-दोन तासांवरच्या एका छोट्या गावातल्या कम्युनिटी हॉलमध्ये, रविवारी दुपारी. मॅग्नसची नवी फिल्म पहिल्यांदा तिथे दाखवायची आणि नंतर एडमंटन चार्लीने दोन शब्द बोलायचे. निमंत्रण पाठवणारा डग नावाचा रिटायर झालेला वेल्डर होता. खाली लिहिलं होतं, पॉटलक आहे, प्रत्येकाने एक पदार्थ आणावा.

गुडघ्यामुळे खांबेटे यांना लांबचं ड्रायव्हिंग जमत नव्हतं, म्हणून सुहासिनीबाई निघाल्या. कसली सभा आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पॉटलकला हात हलवत जायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मोठा ट्रे भरून साबुदाणा वडे केले, वर फॉइल लावलं, आणि चटणीचा डबा वाटेत सांडू नये म्हणून नवऱ्याच्या मांडीवर दिला. वाटेत खांबेटे भाषणाचे मुद्दे घोकत होते.

"अहो, डबा सरळ धरा," सुहासिनीबाई म्हणाल्या. "मुद्दा तीन आला की तुमचा हात वर जातो."

हॉल कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या रिंकला चिकटून होता. आत पंचवीस-तीस माणसं असतील, बहुतेक साठीच्या पुढची. लांब टेबलावर उकडलेल्या करंजीसारख्या पिरोगी, डोनट, कुणीतरी आणलेली बटर चिकनची कढई. दारात डग उभा होता. उंच, लाल गालांचा, शर्टावर नावाचं स्टिकर. एक स्टिकर त्याने हातात तयार ठेवलं होतं आणि त्यावर 'चार्ली' लिहिलेलं होतं.

खांबेटे यांनी टोपी काढून हात पुढे केला. "मी चार्ली."

डगने हात हातात घेतला. मग त्यांच्यामागे टिकली लावलेल्या, जाड कोटातल्या, ट्रे घेतलेल्या सुहासिनीबाईंकडे पाहिलं. मग त्यांच्याही मागे पाहिलं, कदाचित खरा चार्ली अजून गाडी पार्क करत असेल अशा आशेने. तिथे बर्फ होता आणि एक पिकअप ट्रक होता.

"तू... इटालियन का?" डगने अदबीने विचारलं.

"चिंचवडचा."

"ते उत्तरेला येतं?"

खांबेटे यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पुण्याच्या जरा उत्तरेला."

डगचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. त्याने स्टिकर त्यांच्या कोटावर लावलं आणि पाठीवर थाप मारली. हॉलमधली माणसंही बोलायला चांगली होती. बाहेरच्या माणसांपासून संस्कृती वाचवायला जमलेली ती माणसं बाहेरून आलेल्या या दोघांना बसायला गादीची खुर्ची कुठली देऊ असं करत होती. एका बाईने सुहासिनीबाईंना वड्यांची कृती विचारली. साबुदाणा म्हणजे काय हे समजावताना सुहासिनीबाईंनी 'टॅपिओका' शब्द काढला, तेव्हा ती बाई म्हणाली, माझी आजी याचं पुडिंग करायची. निम्मा ट्रे फिल्मच्या आधीच संपला.

मग दिवे मालवले. पडद्यावर मॅग्नस आला, त्याचा किल्ला आला, आणि पाठोपाठ रॉटरडॅम आणि युरोपातल्या इतर शहरांची करुण चित्रं. शेवटचं प्रकरण माल्मोचं होतं, स्वीडनमधल्या. काळोखी पडत चाललेली, कॅमेरा हलतोय, पार्श्वभूमीला चेलोचं रडकं संगीत. रस्त्यावर गर्दी. माणसांचे हात वर, तोंडं लाल रंगाने माखलेली. मॅग्नस खर्जात सांगू लागला, "हा माल्मोचा एक रस्ता. इथे आता एकच स्वीडिश माणूस उरला होता. बघा."

गर्दीच्या मध्ये एक गोरा, म्हातारा माणूस दिसला. तो दोन्ही हात वर करून, जणू जमावाला थोपवत होता. मग एकाएकी कळवळून खाली बसला. चारी बाजूंनी माणसं त्याच्यावर झुकली. त्यांनी त्याला उचललं आणि खांद्यावरून घेऊन गेली. त्याचा एक पाय हवेत ताठ होता.

"पुढे त्याचं काय झालं," मॅग्नस म्हणाला, "हे कुणालाही माहीत नाही."

दिवे लागले. दोन-तीन बायका डोळे टिपत होत्या. डग पुढे आला, टोपी काढली, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला की आपण त्या अनामिक म्हाताऱ्यासाठी एक मिनिट उभं राहू या.

सगळे उभे राहिले. खांबेटेही खुर्चीला धरून, नवा गुडघा सांभाळत उभे राहिले. मान खाली घातली. आणि त्या शांततेत शेजारून एक विचित्र आवाज येऊ लागला, प्रेशर कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो तसा.

"सुहास," ते पुटपुटले, "काय चाललंय?"

"अहो, तो कुर्ता," सुहासिनीबाई ओठ दातांखाली दाबत म्हणाल्या.

"कुठला कुर्ता?"

"मोहरीच्या रंगाचा. काखेत उसवलेला. मीच शिवला होता जयदीपकडे जाण्याआधी." आणि मग त्यांना धरवेना. त्या हसल्या. आधी रुमालात, मग रुमालाबाहेर, मग खाली बसून, पोट धरून. श्रद्धांजलीच्या मिनिटात तो आवाज हॉलच्या पार भिंतीपर्यंत गेला. सगळ्यांनी वळून बघितलं.

खांबेटे यांनी डगला फिल्म मागे न्यायला सांगितली. डगने नेली. खांबेटे पडद्याजवळ गेले. जमावाच्या मागे, कोपऱ्यात, ब्रॅम्पटनची सिटी बस उभी होती. जमावाला थोपवणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात, नीट पाहिलं तर, लेझीम होती. झुकलेल्या माणसांत सगळ्यात पुढे जयदीप होता. आणि म्हातारा कोण, हे तर आता खांबेटे यांना आरशासारखं दिसत होतं.

ते वळले. खाकरले. भाषणाचा कागद खिशातच राहिला.

"त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्याला मेहुण्याच्या मिनीव्हॅनमध्ये घातलं आणि गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी ठेवली. तो मी आहे. हे माल्मो नाही. हे ओंटारिओ आहे. हा आमच्या गणपतीचा उत्सव आहे, आणि तोंडाला लागलंय ते रक्त नाही, गुलाल आहे."

मग साबुदाण्याची कृती विचारणारी बाई उठून आली आणि तिने खांबेटे यांना मिठी मारली. "तू जिवंत आहेस," ती म्हणाली. तिचे डोळे अजून ओलेच होते आणि आलेलं रडू कुठेतरी वापरणं भाग होतं.

मागच्या रांगेतला एक बेसबॉल टोपीवाला मात्र मानेना. "त्या स्वीडिश माणसासारखं दिसावं म्हणून याने मुद्दाम मेकअप करून..." असं काहीतरी तो म्हणत होता. दुसऱ्या एकाचं म्हणणं पडलं की माल्मो नसेल, पण ब्रॅम्पटन तरी काय वेगळं आहे. तिसरा म्हणाला, विषय तो नाहीच. मग विषय काय, यावर वाद सुरू झाला. डग रिमोट हातात घेऊन पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर खांबेटे यांचा पाय हवेत थांबलेला होता. सुहासिनीबाईंनी रिकामा ट्रे उचलला, चटणीचा डबा घेतला, आणि नवऱ्याच्या बाहीला धरून त्याला गाडीकडे नेलं. घरी पोचेपर्यंत त्या तीनदा गाडी बाजूला घेऊन हसल्या.

खांबेटे यांना हसू येत नव्हतं. त्यांना राग आला होता, आणि तो राग पंपावर चुकीची नेमप्लेट ठोकली की इंजिनियरला येतो तसा होता. त्यांनी मॅग्नसला मुद्देसूद ईमेल लिहिलं. मुद्दा एक, ठिकाण चूक. मुद्दा दोन, प्रसंग चूक. मुद्दा तीन, मी स्वीडिश नाही. मुद्दा चार, मी बेपत्ता नाही. कृपया दुरुस्ती प्रसिद्ध करावी. उत्तर आलं नाही. त्यांनी आठवण करून दिली. चॅनेलने त्यांचा अधिकार काढून घेतला आणि त्यांना ब्लॉक केलं.

पुढचा व्हिडिओ त्यांनी अपूर्वाच्या फोनवर पाहिला. मॅग्नस किल्ल्यासमोर बसून सांगत होता की त्या स्वीडिश म्हाताऱ्याचं प्रकरण दाबण्यासाठी कॅनडात एक तोतया उभा करण्यात आला आहे. हा तोतया कित्येक महिने आपल्यातच चार्ली म्हणून वावरत होता. मुद्द्यांना क्रमांक देण्याची त्याची पद्धत बघा, ही प्रशिक्षित माणसाची खूण आहे. खाली कॉमेंटमध्ये लोकांनी गोष्ट आणखी पुढे नेली. चार्ली हा साधा हस्तक नाही, सगळा बेत तोच चालवतो. त्याचं मुख्यालय एडमंटनमध्ये आहे. तिथे एक कमिटी आहे.

आजवर ज्या कटाचा कर्ताकरविता कुणाला सापडत नव्हता, तो शेवटी सापडला होता, आणि तो आयपॅडला चार्जर शोधत होता.

"बाबा, यू आर रनिंग इट," अपूर्वा म्हणाली. हसून हसून तिला बोलणं सुधरत नव्हतं.

शनिवारी मॉलमध्ये रावसाहेबांनी सगळं ऐकलं आणि चालता चालता थांबून कमरेत वाकून नमस्कार केला. "अध्यक्षमहोदय," ते म्हणाले, "सेक्रेटरीची जागा रिकामी असंल तर बघा. मला मिनिट्स लिहायचा अनुभव आहे."

"चेष्टा पुरे, रावसाहेब. इतके दिवस मी तिथे लिहिलं. लोक मला मानत होते. मुद्दा पटला तर म्हणत, चार्ली बरोबर बोलतो."

रावसाहेबांनी नमस्कार आवरता घेतला. "लोकांत बसावंसं वाटलं तर आपल्याकडं या," मग ते म्हणाले. "जयंतीला माइकचं बघायला माणूस पाहिजे. वायर विसरणार नाही असा."

खांबेटे म्हणाले, बघतो. आणि खरंच गेले. माइक चालला. कार्यक्रम तरी साडेसातलाच सुरू झाला.

एप्रिलच्या शेवटी, बर्फ भराभर वितळायला लागला तेव्हा, डगचा फोन आला. आवाज खोल गेलेला. त्यालाही चॅनेलवरून काढून टाकलं होतं. त्याने एवढंच लिहिलं होतं की मी चार्लीला प्रत्यक्ष भेटलोय, बायको त्याला ओरडते, त्याचा गुडघा दुखतो, तो कट वगैरे करण्यातला वाटत नाही. त्यावर लोकांनी ठरवलं की डगही कमिटीत आहे.

"ते जाऊ दे," डग म्हणाला. "तू पंपांमध्ये होतास ना? माझ्या बेसमेंटमध्ये पाणी चढतंय. ते उपसून बाहेर टाकणारा संप पंप नुसता गुरगुरतोय. प्लंबर गुरुवारपर्यंत येत नाही."

"गुरगुरतोय की किणकिणतोय?" खांबेटे यांनी विचारलं.

"मधूनमधून दोन्ही."

खांबेटे सोफ्यावरून उठले. सुहासिनीबाईंना हाक मारायच्या आधीच त्यांनी पाना, टॉर्च आणि रबरी बूट काढून दारात ठेवले होते. रिटायर झाल्यापासून इतक्या चपळाईने ते कशासाठीच उठले नव्हते.

डगच्या बेसमेंटमध्ये घोट्यापर्यंत पाणी होतं. खांबेटे यांनी पंप उपसून काढला, उलटा केला, आणि आतून चिखलाबरोबर एक छोटा प्लास्टिकचा घोडा बाहेर आला. नातवाचा असावा. पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटचा दांडाही वाकला होता, तो त्यांनी गुडघ्यावर, जुन्या गुडघ्यावर, दाबून सरळ केला. पंप पुन्हा खड्ड्यात बसवला आणि स्विच लावला. पाणी गुरगुर करत खाली जायला लागलं. दोघे पायरीवर बसून ते बघत राहिले.

"पण चार्ली," बऱ्याच वेळाने डग म्हणाला, "माल्मोचं खोटं होतं, मान्य. रॉटरडॅमचं तरी खरं असेल. माझे वडील तिथले."

"मी रॉटरडॅमला गेलोय," खांबेटे म्हणाले.

"कसं आहे?"

"आम्हाला अर्धा तासच दिला होता. पूल चांगला आहे. पंपिंग स्टेशन बघायचं राहिलं. तुझ्या वडिलांचा सगळा मुलूख समुद्राच्या पातळीखाली आहे, माहीत आहे ना? रात्रंदिवस पंप चालू ठेवावे लागतात तिथे. मला विचारशील तर तिथल्या माणसाने काळजी त्याची करावी."

डगने मान डोलावली. हे त्याला एकदम पटलेलं दिसलं. वरून सुहासिनीबाईंचा आणि डगच्या बायकोचा आवाज येत होता. चहात दूध आधी घालायचं की नंतर, असं काहीतरी त्यांचं चाललं होतं. खांबेटे यांनी डगला पंपांविषयी आणखी सांगायला सुरुवात केली. समुद्र भिंतीबाहेर ठेवायला केवढी ताकद लागते, वाल्व कुठले, गंज कसा चढतो. पाणी संपून फरशी दिसायला लागली तरी ते सांगत होते, आणि डग पाय वर घेऊन ऐकत होता.